पुतणी म्हणून काढलेलं वर्ष

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडून उपयोग काय, असं मी स्वतःला गेला महिनाभर समजावते आहे. जमत नाही. तुम्ही शिकवलेला विषयच मी आता मुलुंडच्या एका लॉ कॉलेजात शिकवते, संविधान. वर्गात खडू हातात घेतला की कधीकधी उभी तुमच्यासारखी राहते, एक हात टेबलावर. परवा ते लक्षात आलं आणि हात काढून घेतला.

झालं असं, की आमच्या दुसऱ्या वर्षाला नांदेडकडची एक मुलगी आहे. बारीक, चष्मा लावते, प्रश्न विचारताना उभी राहते, बाकीची मुलं बसूनच विचारतात. कलम पंधरा चालू होतं. मी वाचून दाखवत होते, दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते, इथे कुणी कुणाला अडवायचं नाही. ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, सगळं लिहिलंय. घर कुठे आहे?" वर्ग हसला. ती नाही हसली. हॉस्टेल दुरुस्तीसाठी बंद होणार होतं, ती आणि तिची मैत्रीण नाहूर स्टेशनजवळ भाड्याचं घर शोधत होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी मैत्रिणीने फोन केला की घर रिकामं असायचं, हिने आडनाव सांगितलं की गेलेलं असायचं. एकदा तर एकाच एजंटला दोघींनी तासाभराच्या अंतराने फोन केला. मैत्रिणीला म्हणाला, संध्याकाळी बघायला या. हिला म्हणाला, "ताई, माझा काही प्रॉब्लेम नाही हो. सोसायटीला त्यांच्या टाइपचे लोक लागतात." हिने ते रेकॉर्ड केलं होतं.

मी स्टाफरूममध्ये हे सांगितलं. आमच्याकडे करार कायदा शिकवणारे एक सर आहेत, मनाने चांगले. ते लगेच म्हणाले, "एवढंच ना? करार माझ्या नावाने करू. माझी भाची म्हणून सांगतो. राहू देत पोरी निवांत." सगळ्यांनी मान डोलावली, कुणीतरी म्हणालं, असे लोक आहेत म्हणून चाललंय. मुलीला बोलावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थँक्यू सर, पण नको. मला लपून नाही राहायचं." ते म्हणाले, "अगं, लपून कुठे? फक्त कागदावर." ती म्हणाली, "मग दारावर पाटी कुणाची लावू?"

सर, त्या क्षणी मला घाटकोपरची तुमची बिल्डिंग दिसली. जिना, पहिल्या मजल्यावरची तुमची पाटी, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्या आजी.

मी शेवटच्या वर्षाला होते. बाबा विक्रोळीच्या कंपनीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आई-बाबा बुलढाण्याला गावी गेले. मी कॉलेज सोडणार होते. तुम्ही म्हणालात, "सोडायचं नाही. आमच्या वर एक आजी पेइंग गेस्ट ठेवतात, मी बोलतो." आणि जिन्यात, त्यांच्या दाराची बेल वाजवायच्या आधी, अगदी सहज, रुमालाने चष्मा पुसत म्हणालात, "मी त्यांना माझी पुतणी म्हणून सांगितलंय. आडनावाचा विषय निघायला नको." मी मान हलवली. दार उघडलं. बास, एवढ्यात झालं ते.

आजी वाईट नव्हत्या. तेच तर अवघड होतं. स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल टाकून बसायच्या आणि मला आमटी शिकवायच्या. एकदा विचारलं, "तुमच्या घरी गूळ नाही का घालत?" मी विळीवर कोथिंबीर चिरत होते, हात थांबला. "घालतात," म्हटलं, "मला आवडत नाही." मग वर्षभर मला गूळ आवडत नाही. चौदा एप्रिलला मी परीक्षा आहे सांगून विक्रोळीला गेले आणि परतताना रेल्वेच्या नळावर तोंड धुतलं, कपाळावर गर्दीतला निळा गुलाल राहिला असेल म्हणून. घरून आणलेला फोटो ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली, पालथा. बाबांची पत्रं तुमच्या पत्त्यावर यायची, तुम्ही ती पुस्तकात घालून कॉलेजात द्यायचात. किती काळजी घ्यायचात तुम्ही.

आणि बाबा आले होते तो दिवस. पांढरा सदरा, पिशवीत आईने दिलेल्या कुरडया आणि तुरीची डाळ. ते माझी खोली बघायला आले होते. तुम्ही त्यांना स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसवलंत, इडली मागवली, त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, "पोरगी हुशार आहे तुमची." बाबा दोनदा म्हणाले, "खोली बघून जातो, म्हणजे हिच्या आईला सांगता येईल." तुम्ही म्हणालात, "आजींची तब्येत बरी नाही हो." आजी तेव्हा खिडकीत बसून शेंगा सोलत होत्या. बाबा हो म्हणाले. गाडीत बसताना मला म्हणाले, "चांगला माणूस आहे गं." त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. चाळीस वर्षं शहरात काढलेल्या माणसाला कळत नसेल?

तुम्ही मला वर्गात एकदा दटावलं होतंत, आठवतं? अस्पृश्यतेच्या कलम सतरावर बोलताना माझा आवाज चढला. तुम्ही म्हणालात, "आवाज खाली. कायदा रागावत नाही." मी खाली केला. इतका खाली केला की तुम्हाला हे विचारायलाही वर आला नाही, की सर, तुम्ही घटना शिकवता, बिल्डिंगचे सेक्रेटरी तुमच्याबरोबर बुद्धिबळ खेळतात, मग तुम्ही बेल वाजवून खरं आडनाव का नाही सांगितलंत? आजी नाही म्हणाल्या असत्या तर नाही म्हणाल्या असत्या. मग भांडायचं होतं. तुम्ही त्यांना नाही म्हणायची वेळसुद्धा येऊ दिली नाहीत. सगळ्यांची अडचण दूर केलीत आणि ती उचलून माझ्या अंगावर ठेवलीत. वरून मी आभार मानले.

या मुलीने थँक्यू म्हटलं, पण ती मदत घेतली नाही. तिने वर्गातल्या पाचसहा जणांना गोळा केलं. लीगल एड सेलचा प्रकल्प म्हणून त्यांनी तेच केलं, त्याच एजंटकडचं एकच घर, वेगवेगळी आडनावं, फोन रेकॉर्ड. प्राचार्य म्हणाले, विषय छान आहे, सोसायटीचं नाव तेवढं गाळा. मुलांनी गाळलं नाही, सहकार खात्याकडे तक्रार दिली. सुनावणीला मी बरोबर गेले. चेअरमन हसतमुख, फाइल घेऊन आले होते. "आम्ही कुठे जात काढली? एजंट काय बोलतो त्याला सोसायटी जबाबदार नाही." अधिकाऱ्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, "यात तसा शब्द कुठे आहे? टाइप म्हटलंय." सर, मी ओरडले. पन्नाशी ओलांडलेली बाई, ऑफिसभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. "टाइप म्हणजे काय ते तुम्ही मला समजावून सांगा. मराठीत सांगा." चेअरमन खाली बघायला लागले. अधिकाऱ्यांनी सोसायटीला लेखी खुलासा द्यायला सांगितलं, भाडेकरू नाकारायचा अधिकार कुठल्या ठरावाने घेतला तेही.

त्या खुलाशाचं काय होईल मला माहीत नाही. पण सोसायटीने फ्लॅटच्या मालकांनाही पत्र पाठवलं, की तुमच्यामुळे आम्हाला त्रास होतोय. मालक पुण्यात राहतात. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मुलीला फोन केला. "घर माझं आहे. मला कुणी विचारलंच नाही. तुला अजून हवंय का?" ती म्हणाली, "हवंय. करार माझ्या नावाने." ते म्हणाले, "मग अजून कुणाच्या?"

मी महिन्यापूर्वी एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेले. चौथा मजला, दारावर तिचं पूर्ण नाव, खाली मैत्रिणीचं. तिचे वडील नांदेडहून आले होते, बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, कुणाला काही सांगायची गरज नसल्यासारखे. हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर फोटो. शेजारचे बोलत नाहीत. आवाजाची तक्रार दोनदा झाली आहे, त्यात एकदा त्या घरात नव्हत्याच. चेअरमन जिन्यात म्हणाले, अकरा महिने होऊ देत, मग बघू. ती मला पोळी वाढताना म्हणाली, "बघू देत ना मॅडम. मी पण बघते." मैत्रीण म्हणाली, "यार, आधी तो गिझर बघ." दोघी हसल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण त्याच्याखालून राग वर आला, तो अजून उतरलेला नाही. कारण तिथे बसून मला कळलं, की हे करता येतं. अवघड आहे, पण करता येतं. तुम्हालाही येत होतं. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणतात, तुमच्या नावाने कॉलेजात बक्षीस आहे, ते दर वर्षी मीच वाटते आणि दोन शब्द बोलते. पुढच्या वेळी काय बोलणार आहे, मला ठाऊक नाही. तुम्ही नसतात तर मी वकील झाले नसते. हे खरं आहे म्हणूनच इतकी वर्षं मी दुसरं खरं बोलले नाही.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. त्याला हे पाठवणार नाही. त्याच्यासाठी तुम्ही होतात तसेच राहा.

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर करणाऱ्या मुलीने नाव विचारलं. सांगितलं. आडनाव विचारलं. तिला काही घेणंदेणं नव्हतं, ती कीबोर्डकडे बघत होती. आणि सर, मी थांबले. पुरता एक क्षण. तिने मान वर केली, मग सांगितलं.