कृष्णाचे द्रव्य

प्रिय कीर्तना,

तंजावराहून तुझ्या आजीचे आशीर्वाद. पत्र बाळबोध अक्षरात आहे हे पाहून आधी हसून घे, मग वाच. वेलांट्या उलट्या पडल्या असतील तर ती मास्तरणीची चूक, आणि मास्तरीण तूच. माझी शाळा तिसरीला सुटली, तीही तमिळ. घरात सगळे आयुष्य मराठी बोलले, पण लिहायचे म्हटले की तमिळ अक्षरे. तू ताऱ्यांचा अभ्यास करायला पुण्याला गेलीस, बसच्या पाट्या वाचत वाचत ही अक्षरे शिकलीस, आणि सुटीत मला तिण्णैवर, दारच्या ओट्यावर, बसवून पाटीवर 'आ' काढायला लावलास. रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघत होती. नातीने आजीला हात धरून शिकवावे हे भाग्य कुणाला मिळते गे.

परवा शेजारच्या कामाक्षीच्या घरी तुझा फोन आला. हॉलंडची संशोधनाची जागा नको म्हणून कळवते, तंजावरलाच एखाद्या कॉलेजात शिकवीन, आजी एकटी आहे, असे तू म्हणालीस, आणि मी 'बरे' म्हणाले. तिथे टीव्हीवर मालिका चालली होती, कामाक्षी, तिची सासू, सगळे जण मालिका सोडून माझ्या तोंडाकडे बघत होते. फोनवर मला मोठ्याने 'बरे' एवढेच म्हणता येते. त्या 'बरे'चा अर्थ शेवटी सांगते. आधी इकडचे ऐक.

तू शिष्यवृत्तीतून घेऊन दिलेला ग्राइंडर छान चालतो. माझे दोन्ही दंड तुला रोज दुवा देतात. जुना आट्टुक्कल, तो हाताने फिरवायचा दगडी रगडा, मागच्या अंगणात ठेवला आहे, त्याच्या खळग्यात कावळे पाणी पितात. ग्राइंडर फिरायला लागला की मला तुझा उद्योग आठवतो. फिरत्या पिठात तू चिमूटभर हळद टाकलीस, तिची ओढत ओढत शेपटी झाली आणि गोल वळली. म्हणालीस, आजी, आपली आकाशगंगा बाहेरून बघितली तर अशी दिसेल, आणि आपला सूर्य हा कडेकडेचा एक कण. मी विचारले, मध्ये नाही? तू म्हणालीस, मध्ये नाही. मला जरा वाईट वाटले होते. मग तूच म्हणालीस की खरे हात असे नुसते गुंडाळत नाहीत, नाहीतर केव्हाच सगळा गुंता झाला असता. देवळात प्रसादाच्या खिडकीपाशी गर्दी असते ना, माणसे येतात, जातात, गर्दी तिथेच राहते, तसे ते हात. हे मला लगेच पटले, त्या गर्दीत माझी चप्पल गेली आहे. इडल्या मात्र पिवळ्या झाल्या. कामाक्षीचा नवरा सांबशिव विचारत होता, मामी, हे काविळीचे औषध आहे की काविळीचे कारण?

आणि तिरुवैयारूच्या रस्त्यावरची बस आठवते? येताना हॉर्न बारीक आवाजात किंचाळतो, पुढे गेली की आवाज जाड होतो. तू म्हणालीस, दूरच्या आकाशगंगेची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, तिथल्या वायूचा सूर तसाच बदलतो, त्यावरून आम्ही वेग काढतो. तेव्हापासून बस गेली की मी वेग काढायला बघते. मला फक्त ड्रायव्हरची घाई समजते. तू पाठवलेला नारायणगावच्या दुर्बिणीच्या तबकडीचा फोटो देवाजवळ ठेवला आहे. सगळी तारांची जाळी, आपल्या पिठाच्या चाळणीसारखी. एवढ्या भोकांतून आकाशातले काही गळून कसे जात नाही, हे पुढच्या वेळी सांग.

आता माझी फजिती ऐक. तू सांगितले होतेस की सूर्याभोवती लांबचे ग्रह हळू चालतात, मग आकाशगंगेतही कडेचे तारे हळू चालायला हवेत. पण ते आतल्यांच्या बरोबरीने धावतात. जेवढे चमकते तेवढेच वजन धरले तर ते सुटून कुठल्या कुठे जायला हवेत. जात नाहीत. म्हणजे तिथे काहीतरी आहे, जे दिसत नाही पण त्याला वजन आहे. त्याला मराठी पुस्तकात कृष्णद्रव्य म्हणतात, असे तू म्हणालीस. मी काय ऐकावे? कृष्णाचे द्रव्य. द्रव्य म्हणजे आपल्या घरात सोनेनाणे, आणि तमिळमध्येही तेच. मी कामाक्षीला सांगितले की माझी नात कृष्णाचे द्रव्य शोधते आहे, पुष्कळ आहे, सगळ्या आकाशगंगेला पुरून उरते. कामाक्षीने सासूला सांगितले. तिसऱ्या दिवशी एका फायनान्स कंपनीचा माणूस पेढे घेऊन आला, ठेव आमच्याकडेच ठेवा म्हणाला. मी म्हटले, अरे, अजून दिसलेले नाही. तो मला आजीच करून म्हणाला, पाट्टी, आमच्याकडे दिसलेले कमीच येते. पेढे चांगले होते. तू घरी आलीस तेव्हा कृष्ण म्हणजे नुसते काळे, द्रव्य म्हणजे नुसता पदार्थ, असे मला समजावलेस, पण गल्लीत अजून तुझ्याबद्दल अदबीने विचारतात, आणि मी ती अदब मोडत नाही.

एक खरे सांगते. तुझे आजोबा, अप्पाजी, गेल्यावर पहिले काही दिवस मला घर हलके लागायचे. उठावे तर कशासाठी, असे. मग एका सकाळी पाहिले तर मी फिल्टरला कॉफी लावली होती ती दोघांच्या मापाने. आधी रडले, मग दोघांची कॉफी मीच प्याले. तेव्हापासून तेच माप ठेवले आहे. दुसरा पेला कधी कामाक्षी पिते, कधी सांबशिव, कधी पोस्टमन. कुणी असो नसो, मी अप्पाजींच्या खुर्चीला वळसा घालूनच जाते, तिला पाय लागू देत नाही. दिसत नाहीत, पण त्यांचे वजन आहे. तुझे ते शास्त्र मला एवढेच समजले, आणि ते समजावलेस म्हणून मी तुझी ऋणी आहे. तुझा बाप मद्रासला चल म्हणून मागे लागला होता. मी त्याला म्हटले, वरुणराव, ही खुर्ची तुमच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावणार नाही. तो समजला.

तू यायला नको असे मला वाटत नाही. तू येतेस हे ऐकून त्या दिवशी मी डाळ दोनदा धुतली. रात्री तुझी उशी उन्हात घालायची म्हणून काढूनही ठेवली. पण सकाळी ग्राइंडर लावला, हळद टाकली नाही तरी ती शेपटी मला पिठात दिसायला लागली. कडेचे ठिपके किती जोरात धावत होते, आणि भांड्याबाहेर एकही पडला नाही.

म्हणून मी काल एक काम केले आहे. गल्लीच्या बाजूची तुझी खोली दिली. संगीता म्हणून आपल्यातलीच मुलगी, ओरत्तनाडूच्या शेतकी ऑफिसात लागली आहे, रोज बसने जाते-येते. ट्रंक आणि सायकल घेऊन आलीही. झोपेत बोलते, तेही तमिळमध्ये, पण दुसरा पेला आवडीने पिते. तेव्हा राहायला म्हणून यायला आता तुला इथे जागा नाही. माझे ते 'बरे' तू येण्याला नव्हते, तू जाण्याला होते असे समज. हॉलंडला होय म्हणून आजच कळव, आणि जायच्या आधी पाहुणी म्हणून ये, तिण्णैवर निजशील. आणि ते कृष्णाचे द्रव्य सापडले की चिमूटभर पाकिटात घालून पाठव. दिसणार नाही हे मला माहीत आहे. पाकीट हातात घेतले की मला कळेल.

तुझीच,
वसुमती आजी