माझी चूक तिला सापडली

सर,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्या लाडक्या विद्यार्थिनीवर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच माझ्याविषयी बरं वाटायला नको.

विष्णुपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तुम्ही आम्हाला मेमरी कागदावर काढायला लावायचात. प्रत्येक जागेचा एक चौकोन, तिच्याकडे जाणारे बाण. काम संपून जागा परत केली की चौकोनावर काट मारायची आणि तिच्याकडे येणारा प्रत्येक बाण खोडायचा. मी काट मारली, बाण तसाच ठेवला. तुम्ही माझा कागद वर्गासमोर उंच धरलात. "खोली सोडली अन् चावी खिशातच ठिवली का रं? उद्या तिथं दुसरं बिऱ्हाड आलं, तर तू सरळ आत घुसशील!" सगळे हसले. पहिल्या बाकावरची ती देगलूरची मुलगी हसली नाही. तिचे सगळे बाण खोडलेले होते. शेवटच्या वर्षी तुमच्या हाताने लिहिलेली वही तुम्ही तिला दिलीत. मला शाबासकी मिळाली, ती पूर्ण हजेरीबद्दल.

आता मी लातूरला घरून काम करतो. हल्ली एक अशी प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, की परत केलेल्या जागेला ती पुन्हा हात लावूच देत नाही. तसा प्रोग्रॅम तयारच होत नाही. मोजक्या ठिकाणी मात्र ती लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबते. त्या भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे सगळे वापरतात त्या तयार कोडमध्ये, अशाच एका ठिकाणी मी हौसेने शब्द दिला होता, की इथे सगळं ठीक आहे. पण एखादी यादी रिकामी होताना मध्येच काही बिघडलं, तर माझ्या ओळी परत केलेली जागा पुन्हा वाचत होत्या. तिथे तोवर दुसऱ्याचा पासवर्ड आलेला असला, तर तोही वाचला जात होता. एवढ्या जगात हे सापडावं कुणाला? देगलूरच्या तिलाच.

मागच्या आठवड्यात सकाळी तिचा फोन आला. तिने कागदावर चौकोन काढून शोधलं होतं. मी चहा गाळत होतो, तो तसाच राहिला. "कुणाला बोलले न्हाई अजून," ती म्हणाली. "दुरुस्ती तूच कर. जाहीर करताना दोघांचं नाव टाकू." हा मोठेपणा मला तिच्या हुशारीपेक्षा जास्त झोंबला. मी बरं म्हणालो.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "एक विचारू का रे? दवाखान्यात तू होतास सरांजवळ. त्यांनी माझी आठवण काढली होती का?"

नांदेडच्या त्या दवाखान्यात अकरा दिवस मी तुमच्या उशाशी बसलो, सर. पेज मी भरवली. आणि तुम्ही दार वाजलं की विचारायचात, "ती आली का? फोन लाव की तिला." मी म्हणायचो, लावला सर, लागत नाही. मी तो एकदाही लावला नव्हता.

"न्हाई," मी तिला म्हणालो. "सर बोलतच नव्हते."

"बरं," ती म्हणाली, आणि तुमची सेवा केल्याबद्दल तिने माझे आभार मानले.

दुरुस्ती मी त्याच दुपारी पाठवली. हे पत्र खरं तर तिला पाठवायला हवं. पण तुम्ही तिला मारलेल्या हाका ऐकणारा मी एकटाच आहे, आणि त्या तिला द्यायला माझं मन अजून होत नाही.