ताब्याचा दिवस

चि. धाकट्यास,

आशीर्वाद गृहीत धरू नकोस. "ताई, नोकरी लागेपर्यंत राहतो," म्हणत माझ्या रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरलास आणि ठाण मांडलंस. शेवटी मी दावा लावला आणि जिंकले. आज कोर्टाच्या बेलिफाने तुझं सामान टेम्पोत चढवून मला ताबा दिला. टेम्पोवाल्याने विचारलं, "कुठे न्यायचं?" तू आकाशाकडे पाहिलंस, बेलिफाने माझ्याकडे. माझ्या तोंडून माझ्याच घराचा पत्ता निघाला.

आता माझ्या हॉलमध्ये पाय पसरून विचारतोयस, "ताई, वायफायचा पासवर्ड काय?"

वकिलांनी बजावलंय, तुझ्याशी सगळं लेखी, तेही रजिस्टर पोस्टानेच. पण पाकिटावर या घराचा पत्ता घातला, तर तू इथेच राहतोस याचा तो पुरावा होईल. म्हणून पत्र माझ्याकडेच.

तुझी सख्खी ताई
(वादी)