पाणी गार होईपर्यंत

१९ ऑगस्ट
पाणी वीस अंशांवर! हात घातला तर चक्क कोमट. डोंगरावरचं बर्फ केव्हाच संपलं. खोऱ्यातल्या पाहुण्यांना मासेमारीला नेणाऱ्या सगळ्या गाइडांना मी माझ्याच स्वयंपाकघरात बसवून शपथ घातली — पाणी गार होईपर्यंत नदीत गळ टाकायचा नाही. पकडून सोडायलासुद्धा नाही. कोमट पाण्यात झुंजून दमलेला स्टीलहेड मासा सोडला की ऐटीत निघून जातो, आणि पुढच्या वळणावर पोट वर करून तरंगतो. यंदा समुद्रातून वर आलेत तेच मूठभर. ते मेले तर अंडी कोण घालणार?

व्हँकुव्हरहून मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना 'येऊ नका' म्हणून कळवलं. चिडले. चिडू देत.

२१ ऑगस्ट
बाबांचे नदीत उतरायचे बूट ओले! घरामागे लपवून वाळत घातलेले.
"कुठे गेला होतात?"
"पाय गार करायला, पोरी."
कमरेपर्यंतचे बूट चढवून पाय गार करतात होय?

तरुणपणी हेच पोती भरभरून मासे मारायचे आणि धुरावर वाळवायचे. "नदी काय आटणारेय?" म्हणायचे. जित्याची खोड!

२४ ऑगस्ट
आज डोळ्यांनी पाहिलं. खालच्या डोहावर बाबा गळ फेकत होते. पाणी उसळलं, दोरी क्षणभर ताणली, सैल पडली. मी झाडीतून ओरडत धावले.
"सुटला गं!" म्हणाले. आणि हसत होते!

मी गळाची काठी हिसकावली नि गुडघ्यावर मोडली. आईने त्यांना लग्नात दिलेली बांबूची काठी. बाबा तुकड्यांकडे बघत राहिले. "झालं समाधान, सिग्रिड?" एवढंच. दोरी गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि माझ्या पुढे चालत घरी आले.

मी चुकले नाही. माझ्याच घरात शपथ मोडली तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने अडवू?

पण ती आईची काठी होती.

२६ ऑगस्ट
अबोला. बाबा उकडलेले बटाटे तसेच ताटात ठेवून उठले.

वाटेत वेस्ली भेटला. तोही गाइड, जिभेला हाड नाही. "म्हाताऱ्यावर कसली रागावतेस? वर्षानुवर्षं बघतोय मी. मासा येतो, ओढतो, सुटतो. एक काठाला येईल तर शपथ! हात गेला त्यांचा." हसला मेला. मला रडू आलं. बाबा या खोऱ्यातले सगळ्यात पट्टीचे होते.

२९ ऑगस्ट
पाऊस! पाणी गार झालं, पंधरा अंश. वेस्लीने होडी काढली. बाबा खिडकीशी बसून नदी बघत होते.

३० ऑगस्ट
काठी जोडून देणारा व्हँकुव्हरला कुणी आहे म्हणे. तुकडे बांधले. सोबत दोरीही द्यावी म्हणून बाबांच्या कोटात हात घातला.

दोरीच्या टोकाला गळ तसाच, पिसं बांधलेला. पण मासा ज्यात अडकतो तो वाकडा आकडाच नाही. पकडीने तोडलेला. बाबांची गळांची डबी उघडली — एकाही गळाला आकडा नाही. नुसती पिसं आणि सरळ काडी.

तोडलेल्या जागी गंज चढलाय. माझ्या शपथेच्या कितीतरी आधीचा.