लिफ्टचं पुस्तक आणि इन्स्पेक्टरीणबाई

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात जोडले आहेत असं समज. (डाव्या हातावर भाची झोपली आहे आणि उजव्यात पेन आहे, त्यामुळे नमस्कार मनातल्या मनात.) तुझी कंबर कशी आहे? मामीने दिलेली उशी सीटवर ठेवतोस की अजून पायाखालीच? ट्रकचा उजवा आरसा बसवलास का? मागच्या खेपेला तू वळणावर मलाच खिडकीबाहेर मुंडकं काढायला लावत होतास, ते मी विसरलेलो नाही. तुम्ही सगळे खुशाल असाल. मी खुशाल नाही. रविवारी परतीच्या फेरीत तू मला इथून उचलणार असं ठरलंय, तर त्याच्या आधी येता येतं का बघ. मी घाबरलोय मामा. थट्टा नाही.

झालं असं. रंगाऱ्याकडचं काम सुटलं (शिडी माझ्यामुळे पडली नाही, ती आधीपासूनच कलती होती, पण ते भेटीत सांगेन) म्हणून सहज ताईकडे डोकावलो. तिची रजा नेमकी संपलेली. चष्म्याच्या दुकानात पुन्हा रुजू व्हायचं आणि पाळणाघरात जागा मिळायची पुढच्या महिन्यात. तेव्हा सकाळभर बाळ माझ्याकडे. दूध, लंगोट इथपर्यंत मी मान डोलावली. मग ताई म्हणाली, रोज वाचून दाखवायचं, मोठ्याने. मी विचारलं, कुणाला? तर तिने मलाच पाळण्यात घालायला हवं अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांच्या पोरीला! नर्सबाईंनी म्हणे सांगितलंय, आत्तापासून वाचलं की सगळं आत साठत जातं.

त्या ‘सगळं’पाशीच मी अडकलो. माझं शिक्षण तुला माहीत आहे, अर्धी यत्ता या गावात, पाव त्या गावात. मी ओळीखाली बोट धरून वाचतो आणि जोडाक्षर आलं की फाटकापाशी तुझा ट्रक थांबतो तसा थांबतो. सगळं साठणार म्हणजे ते थांबणंही साठणार. उद्या ही शाळेत अडखळली की सगळ्यांची बोटं कुणाकडे वळतील?

घरात तिची पुस्तकं दोन. एक तिने चोखून चोखून लगदा केलेलं. दुसऱ्यात पानाला एक शब्द: चेंडू. मांजर. छत्री. दुधाची बाटली अर्धी व्हायच्या आत पुस्तक खलास आणि पोरगी भोकाड पसरते. (भोकाड असं, की खाली रस्त्यावरचा चांभार वर बघतो.) भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या पिशवीत लिफ्टचं जाडजूड माहितीपुस्तक सापडलं, तेच उघडलं. पोरगी गप्प! भुवया आवळून माझ्याकडे टक लावून बघायला लागली. लिफ्ट तपासायला एक इन्स्पेक्टर येतो, त्याच्यापुढे भाऊजी स्वतःचं नाव विसरतात. थेट तशी नजर. तेव्हापासून मी तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणतो.

पण ते पुस्तक भयंकर आहे रे. पानोपानी कुणीतरी पडतंय, चेंगरतंय, अडकतंय. हे सगळं त्या एवढ्याशा डोक्यात साठवायचं? म्हणून मी बदल केला. ‘दार बंद होत असताना मध्ये हात घातल्यास गंभीर इजा होते’ असं होतं, तिथे मी ‘फार मज्जा येते’ असं वाचलं, तेही चालीवर. ती खदखदून हसली. पहिल्यांदाच, बोळकं पसरून! मला इतकं चढलं की कुठलंही पान वाचलं तरी शेवट त्याच ओळीने. रोज तेच. हात घातल्यास फार मज्जा येते.

गेल्या आठवड्यात तिला घेऊन खाली निघालो. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं आणि बाईसाहेबांनी हसत हसत त्या फटीकडे हात लांब केला.

मामा, मी झडपच घातली. तिला ओढून घेताना माझं डोकं भिंतीवर आपटलं, पाठीने धोक्याची घंटा दाबली गेली. वॉचमन धावत आला, तर मी लिफ्टमध्ये फतकल मारून, पोर छातीशी, आणि ओरडतोय, ‘मज्जा नाही येत! मज्जा नाही येत!’ त्या दिवसापासून आमची ये-जा जिन्याने. सातवा मजला. ते बघून तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने लिफ्ट बिघडल्याची तक्रार केली आणि भाऊजींनाच तपासायला बोलावलं. त्यांना काहीच बिघाड सापडेना, त्यामुळे तेही घाबरले. (बिघाड नसलेल्या लिफ्टला हे लोक सगळ्यात जास्त भितात.) शेवटी जेवताना मी सगळं ओकून टाकलं. ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र जेवलो नाही. (म्हणजे भात तेवढा जेवलो.)

काल लस टोचायला गेलो तेव्हा ताईने माझ्यादेखत नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो मामा, शब्द कुठे कळतायत तिला? हात काय, या वयात सगळीच पोरं कशातही घालतात. तुम्ही काहीही वाचा. तिला आवाज कळतो, तुमचा!’ आणि सुई टोचली. पोरीने टाहो फोडला. ताईने जोजवलं, नर्सबाईंनी खुळखुळा वाजवला, काही उपयोग नाही. मी भेदरून कोपऱ्यातून पुटपुटायला लागलो, ‘दार बंद होत असताना...’ आणि ती गप्प. मान वळवून मला शोधायला लागली. मला, मामा! आजवर मला शोधलं ते फक्त मुकादमांनी.

तर आता खरी भीती ही आहे. तिला नुसते शब्द हवे असते तर ते कुणीही वाचले असते. भाऊजींनी वाचून पाहिलं, तक्रार नोंदवल्यासारखं वाचतात, ती रडते. आवाज काय छत्री आहे, जाताना खुंटीला अडकवून ठेवायला? आई सांगते, तान्हेपणी मी तुझा ट्रक खिडकीखाली घरघरत असला तरच झोपायचो, आणि तू गेलास की दिवसचे दिवस किरकिर. मी ते हसण्यावारी नेत होतो. आता वाटतं, माझ्या आत तेच साठलंय. एका जागी बूड टेकत नाही ते उगीच नाही. हिच्यात मी काय साठवून चाललोय? म्हणून म्हणतो, लवकर ये. रोज एक पान वाचतोय आणि रोज निघणं अवघड होतंय. माझे पाय अजून माझं ऐकतायत तोवर ने.

तुझा भाचा
(आणि इथला मामा)

ता. क. — आलास तर कोपऱ्यावर हॉर्न वाजवू नकोस. त्या वेळी ती झोपलेली असते.

आणखी ता. क. — वरचं सगळं भीतीच्या भरात लिहिलं होतं. या फेरीला येऊच नकोस. पुढच्या फेरीचं पुढे बघू.

शेवटचं — लिफ्टचं पुस्तक संपत आलं. तुझ्या सीटखाली ट्रकचं जाड पुस्तक आहे ना, तेवढं कुणाबरोबर तरी धाडून दे. इंजिनाच्या पानात खूण घाल. घरघर मी तोंडाने करीन.