कालव्याच्या दोन्ही काठांनी नाकारलेल्या लोरेन्सो मातेओच्या दफनाबाबत

प्रति,
मा. वस्ती-विभागणी अधिकारी,
मेक्सिको शहर.

विषय : मयत पतीच्या विनापरवाना दफनास मान्यता मिळणेबाबत व कबरीवर पाद्री पाठविणेबाबत.
संदर्भ : मूलवासींनी शहर सोडण्याबाबतचा हुकूम, जुलै १६९२.

महोदय,

अर्जदार पास्क्वाला मारिया, वय ४३, मूलवासी, हल्ली मुक्काम कालव्यापलीकडील आतेन्को वस्ती, आपल्या चरणी सादर करते की,

१. मी व माझे पती लोरेन्सो मातेओ जन्माने आतेन्कोचेच. लग्नानंतर एकोणीस वर्षे आम्ही शहरात दोन्या बेआत्रिस या स्पॅनिश विधवाबाईंच्या अंगणातील खोलीत राहिलो. ते बूट शिवत, मी कोपऱ्यावर मक्याची पेज विकत असे. जूनमध्ये मक्याच्या टंचाईवरून दंगल होऊन चौक जळाला, तेव्हा आम्ही दोघे घरातच होतो. तशी साक्ष बाई देतील. त्यानंतर हुकूम निघाला, की मूलवासींनी वीस दिवसांत पलीकडच्या वस्त्यांत जावे आणि त्या वस्त्यांत दुसऱ्या कोणी राहू नये.

२. नोंद करणारे कारकून आले, त्या दिवशी पती तापाने पडून होते. थंडी भरली होती म्हणून पायांत बूट होते. कारकून म्हणाले, "बूट घालतो, स्पॅनिश बोलतो. म्हणजे हा मिश्र रक्ताचा." मी सांगितले, "साहेब, ते बूट शिवतात म्हणून घालतात. आमचा बाप्तिस्मा एकाच चर्चमधला आहे." त्यावर ते म्हणाले, "एकेका घराला अख्खी दुपार देत बसू काय? तू मूलवासी, तू जायचं. ह्याला तिकडे राहता येणार नाही." आणि तसे लिहिले गेले.

३. मला दिवसापुरता शहरात येण्याचा परवाना मिळाला. सकाळी येऊन मी त्यांना पेज भरवीत असे व संध्याकाळच्या घंटेला पूल ओलांडीत असे. निघताना पाय उचलत नसे. ते म्हणत, "जा गं, शिपाई हटकेल. मी कुठं पळून जातोय?" असे सात आठवडे चालले. मंगळवार, ता. ९ सप्टेंबर रोजी सकाळी मी आले तेव्हा ते गार झाले होते. पाण्याचे भांडे उपडे पडले होते. ते त्यांनी मागितले असेल, तर कोणाकडे, हे मला कळायला मार्ग नाही.

४. शहराच्या पाद्रींनी सांगितले, "ह्याचा बाप्तिस्मा पलीकडचा, तिकडेच न्या." वस्तीच्या पाद्रींनी सांगितले, "यादीत हा मिश्र आहे. मिश्र माणसाला इथे जागा दिली तर मलाच जाब द्यावा लागेल." आपल्या कचेरीत मी दोन दिवस बसले. अर्ज लेखी हवा, असे शिपायाने सांगितले, परंतु लेखनिक सणाला गावी गेले होते. शुक्रवारी दोन्या बेआत्रिस दारात येऊन म्हणाल्या, "पास्क्वाला, मी काही म्हणत नाही. पण शेजारी बोलायला लागलेत." त्यांचा दोष नाही. चौथा दिवस होता.

५. सबब शनिवारी मी पतींना चटईत गुंडाळून होडीने नेले व तळ्याकाठी माझ्या वडिलांच्या मक्याच्या तुकड्यात पुरले. जमीन ओली आहे, दोन हातांवर पाणी लागते, त्यामुळे खोल खणता आले नाही. प्रार्थना मला जेवढी येते तेवढी म्हटली. मधला भाग आठवला नाही.

६. तरी विनंती, की पाऊस वाढण्यापूर्वी कोणत्याही एका पाद्रींना तेथे जाण्याचा हुकूम व्हावा. पतींची नोंद कोणती ठेवायची ते आपण ठरवावे. त्याबाबत आता माझी तक्रार नाही.

७. परवानगीशिवाय पुरल्याचा गुन्हा मला मान्य आहे व शिक्षा मला व्हावी. होडीवाल्यास होऊ नये. चटईत कणसे आहेत, असे मी त्यास सांगितले होते. त्याने काही विचारले नाही. चटई उतरवताना त्याने एक बाजू धरली व टोपी काढली, ती उन्हामुळे काढली असावी.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
पास्क्वाला मारिया
(निशाणी : क्रूस. मजकूर लेखनिकाने वाचून दाखविला.)

मेक्सिको शहर, ता. १६ सप्टेंबर १६९२
सोबत : दोघांच्या बाप्तिस्म्याचा उतारा.