आपल्या घरचं दूध

प्रिय ढमे,

पत्र बघून हसशील. फोन असताना दादाला हे काय सुचलं! फोन परवा लावलाच होता. तुझा आवाज ऐकला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. तोंडाने जमलं नाही ते हाताने जमतंय का बघतो.

बाबा बरे आहेत. गळ्याची गाठ काढल्यापासून आवाज घोगरा झालाय, रागावणं मात्र होतं तसंच खणखणीत. माझे सांधे सकाळी वंगण मागतात. गोठ्यात आता मी लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो. गाई पुन्हा ठेवायचा धीर आपल्यापैकी कुणालाच झाला नाही.

तो हिवाळा तुला आठवत असेल. तू शाळेच्या शेवटच्या वर्गात होतीस. आधी गाईंनी खुराकाला तोंड लावणं सोडलं, मग दूध आटलं. खूर वाकडेतिकडे वाढले, वासरं मेलेलीच जन्मू लागली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, साथ आहे. आपण बापडे तोच खुराक त्यांना चुचकारून भरवत राहिलो. डेअरीला घालण्याइतकं दूध निघेना, म्हणून जे निघायचं ते घरातच संपवायचो. सगळ्यांत जास्त तू. ढमी हे नाव काय उगाच पडलं होतं? शेवटी सरकारी माणसं आली, माळावर खड्डा खणला. तांबू गाईला नेताना तू तिच्या दाव्याला लोंबकळलीस आणि बाबांनी तुझी बोटं एकेक करून सोडवली.

ती साथ नव्हती, ढमे. इथल्या डॉक्टरीणबाईंना घराघरांत बाबांसारख्याच गाठी दिसायला लागल्या आणि त्या इरेला पेटल्या. वरपर्यंत भांडून त्यांनी तपासणारे आणले. माळावरचा खड्डा उकरला, आमची रक्तं नेली. खुराक मिसळायच्या कारखान्यात प्लॅस्टिक पेटू नये म्हणून घालतात ती पावडर चुकून गावभरच्या गुरांच्या खुराकात गेली होती. गोण्या सारख्याच दिसायच्या. कारखान्यातल्या साहेबांना हे त्याच वर्षी कळलं होतं. मिठाची गुळणी धरून बसले. ते विष अंगातल्या चरबीत मुरतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. बाबा, आई, मी, तिघांच्याही रक्तात सापडलंय.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. कोवळ्या वयात ते दूध प्यायलेल्या बायकांबद्दल डॉक्टरीणबाई बोलल्या. कितीजणींना दिवस गेले, पण पोर हाताला लागलं नाही. “एकेकीचं मी छातीठोक सांगू शकत नाही,” त्या म्हणाल्या, “पण इतक्याजणींचं असं होतंय, तेव्हा दोष त्यांच्या वागण्यात शोधू नका.” आई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

तुझं दुसरं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यात ती तुला म्हणाली होती, “नोकरीची धावपळ जरा आवरली असतीस, तर पोर राहिलं असतं.” मी दारात उभा होतो. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, आणि त्यानंतर या घराची पायरी चढली नाहीस. आता आईला घास गिळवत नाही. काल म्हणाली, “तिला लिही, मी चुकले म्हणून.” मग लगेच, “नको, ते माझं मी बोलेन.” तुझं रक्त तपासायला हवं, पण ते सावकाश बघू. आधी एवढंच तुझ्या हातात पडू दे, पुन्हा पुन्हा वाचता येईल असं: ती दोन्ही बाळं तुझ्या धावपळीने गेली नाहीत. नवऱ्यालाही वाचायला दे. रविवारी मी आईला घेऊन येतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव; ती म्हणते, मी बाहेर पायरीवर बसेन.

तुझाच,
दादा